ऑटो-रिन्यूचा भाबडा भरवसा

वेबसाइटच्या सुरक्षेविषयी आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे : एसएसएल सर्टिफिकेट एकदा ‘ऑटो-रिन्यू’वर टाकले की विषय संपला. होस्टिंग विकणारे तसे सांगतात, वेबसाइट करून देणारे तसे सांगतात, आणि किहीमपासून हरिहरेश्वरपर्यंत शुक्रवार-शनिवारच्या बुकिंगवर जगणारे होमस्टेवाले ते ऐकून बिनघोर होतात. हा समज उथळ आहे. तो धडधडीत खोटा असता तर बरे झाले असते. तो अर्धा खरा आहे, म्हणून घातक आहे. नूतनीकरण यंत्राकडे सोपवायलाच हवे, त्याला आता पर्याय नाही. पण यंत्र फक्त कृती करते. ती कृती ज्यांच्या आधारावर उभी असते, म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) कोणाच्या हातात आहे, सूचनांची ईमेल कोण उघडतो, या गोष्टी यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतात. पूर्वी वर्षातून एकदा तरी कोणाला तरी त्या तपासाव्या लागत. स्वयंचलन आले आणि तो माणूस उठून गेला.

माझे म्हणणे असे, की स्वयंचलनाने देखरेखीचे काम संपत नाही, त्याचे स्वरूप बदलते. तारीख लक्षात ठेवण्याचे काम गेले. यंत्र गप्प का आहे हे ओळखण्याचे काम आले. पहिले कारकुनी होते, दुसऱ्याला थोडी समज लागते. आणि हे दुसरे काम कोणाचे, हे आपण अजून ठरवलेलेच नाही.

१. सर्टिफिकेट कशाची हमी देते

ते दोनच गोष्टींची हमी देते. तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही, ही एक. ब्राउझरच्या पट्टीत जे नाव दिसते त्यावर ताबा असलेल्याच सर्व्हरशी तुम्ही बोलत आहात, ही दुसरी. नागावच्या रिसॉर्टचा मालक सज्जन आहे, आगाऊ भरलेले पैसे बुडणार नाहीत, खोलीतून समुद्र दिसतो, यांतले काहीही ते सांगत नाही. बनावट बुकिंगच्या साइटलाही हेच सर्टिफिकेट फुकट मिळते. लोक कुलपाच्या चिन्हाचा अर्थ ‘ही माणसे विश्वासू आहेत’ असा लावतात हे पाहून गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पट्टीतून ते चिन्हच काढून टाकले.

म्हणजे सगळा डोलारा ‘नावावरचा ताबा’ या एका गोष्टीवर उभा आहे. तो ताबा आज आहे म्हणून वर्षाने असेलच असे नाही. डोमेन विकले जाते, सोडून दिले जाते, सर्व्हर बदलतो, सर्टिफिकेटची गुप्त चावी चोरीला जाते. म्हणून सर्टिफिकेटला मुदत असते, आणि ती संपताना ताब्याचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो.

२. मुदत आखडत का गेली

२०१५ मध्ये सर्टिफिकेट ३९ महिन्यांपर्यंत चालत असे. २०१८ मध्ये मर्यादा ८२५ दिवसांवर आली, १ सप्टेंबर २०२० पासून ३९८ वर. एप्रिल २०२५ मध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए-ब्राउझर फोरमने ॲपलचा प्रस्ताव मंजूर केला. त्याचे वेळापत्रक असे : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस, १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली तेव्हापासूनच ९० दिवसांची सर्टिफिकेट देते. ती मुदत २०२८ पर्यंत ४५ दिवसांवर आणण्याचे तिने जाहीर केले आहे. हवे असल्यास सहा दिवसांचेही मिळते.

अनेकांना हा मोठ्या कंपन्यांचा चाळा वाटतो. तसे नाही. चावी चोरीला गेली तर सर्टिफिकेट रद्द करता येते, हे कागदावर खरे. व्यवहारात रद्द झालेले सर्टिफिकेट ब्राउझरला वेळेवर कळतेच असे नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ची चूक उघड झाली आणि असंख्य सर्व्हरांच्या चाव्या गळल्या असण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा रद्द करण्याची ही व्यवस्था किती लंगडी आहे ते सगळ्यांनी पाहिले. एकेका सर्टिफिकेटची चौकशी करण्याची ओसीएसपी ही जुनी सेवा लेट्स एन्क्रिप्टने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदच केली. रद्द करणे भरवशाचे नसेल तर उरतो एकच मार्ग : सर्टिफिकेट लवकर मरू द्यायचे. मुदत जितकी थोडी, तितके चोराच्या हाती लागलेल्या चावीचे आयुष्य थोडे.

आता हिशोब करा. अलिबागला बसून चाळीस साइट सांभाळणाऱ्या माणसाला ४७ दिवसांच्या राज्यात प्रत्येक साइटसाठी वर्षाला किमान आठ, म्हणजे एकूण सव्वातीनशेच्या घरात नूतनीकरणे करावी लागतील. हाताने करायचा हा विषयच राहत नाही. स्वयंचलन हवे की नको, हा वाद मिटलेला आहे.

३. सर्व्हरवर रात्री काय घडते

भाड्याच्या साध्या लिनक्स सर्व्हरवर सर्टबॉट नावाचा प्रोग्राम असतो. त्याचा टायमर दिवसातून दोनदा जागा होतो, प्रत्येक सर्टिफिकेटची तारीख पाहतो आणि तीस दिवसांपेक्षा जास्त शिल्लक असतील तर काही न करता झोपतो. तीसच्या आत आले की तो सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडे जातो. संस्था म्हणते, ही अक्षरांची ओळ तुझ्या साइटवर ‘वेल-नोन’ फोल्डरात ठेव. तो ठेवतो. संस्था जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, पोर्ट ८० वरून येऊन ती ओळ वाचते. ती जुळली की ताबा सिद्ध झाला. नवे सर्टिफिकेट डिस्कवर येते, वेब सर्व्हरला ते नव्याने वाचायला सांगितले जाते, आणि सगळे काही क्षणांत आटोपते. या देवघेवीचे नियम मार्च २०१९ मध्ये एक्मे या नावाने खुले मानक म्हणून प्रसिद्ध झाले.

व्यवस्था सुरेख आहे, यात शंका नाही. तिच्या सुरेखपणातच अडचण आहे. नव्वद दिवसांतले पहिले साठ दिवस ती काहीही करत नाही. एकसष्टाव्या दिवशी पहिला प्रयत्न फसला तर साइटवर काही फरक दिसत नाही, कारण जुने सर्टिफिकेट अजून जिवंत असते. दिवसाला दोन या हिशोबाने साठेक प्रयत्न एकापाठोपाठ फसू शकतात. प्रत्येकाची नोंद लॉगमध्ये इमानेइतबारे होते, आणि ती फाइल कोणी उघडत नाही. मग एका शनिवारी, मांडव्याच्या बोटीत बसलेले गिऱ्हाईक फोनवर लाल इशारा पाहते.

४. न कळणारे अपयश

अपयशाची कारणे नावानिशी पाहू, कारण ‘काहीतरी टेक्निकल’ म्हणून सोडून देण्याच्या सवयीतूनच हा भाबडेपणा वाढतो.

कोणीतरी ऐकतो की साधे एचटीटीपी असुरक्षित आहे, आणि उत्साहाने फायरवॉलवर पोर्ट ८० बंद करतो. साइट चालत राहते, कारण ती ४४३ वर असते. पुरावा तपासायचा दरवाजा मात्र बंद झालेला असतो. वर्डप्रेसमधले एखादे सुरक्षा प्लगइन टिंबाने सुरू होणारे फोल्डर अडवते. सर्व्हर बदलताना नवा आयपी पत्ता टाकला जातो, पण आयपीव्ही६ची जुनी नोंद तशीच राहते. तपासणारी संस्था आधी तिकडे जाते आणि भलत्याच सर्व्हरचे दार ठोठावते. सर्टिफिकेट नवे होते पण वेब सर्व्हरला पुन्हा वाचायला कोणी सांगत नाही. डिस्कवर नवे, मेमरीत जुने. मेल सर्व्हरला दिलेली प्रत वेगळी असते, ती तशीच शिळी होते.

होस्टिंगच्या सर्व्हरवर यापेक्षा गमतीचा एक प्रकार घडतो. लेट्स एन्क्रिप्टच्या एका सर्टिफिकेटवर शंभरपर्यंत नावे बसतात. सोय म्हणून कोणी काशीद, मुरूड, दिवेआगरच्या वीस ग्राहकांची नावे एकावरच घेतो. त्यातल्या एका ग्राहकाने धंदा गुंडाळला आणि डोमेनचे पैसे भरले नाहीत, तर त्या एका नावाचा पुरावा देता येत नाही, आणि उरलेल्या एकोणीस जणांचे नूतनीकरणही त्याच्यासोबत अडकते. त्यांचा दोष काय? काहीही नाही. पैसे वेळेवर भरूनही आपण कोणामुळे बुडालो, हे त्यांना कधी कळतही नाही.

भारतातल्या संस्थांसाठी आणखी एक कारण मुद्दाम सांगायला हवे. परदेशी हल्ल्यांच्या भीतीने अनेक जण ‘भारताबाहेरचे आयपी बंद’ असा नियम लावतात. हेतू समजण्यासारखा आहे. पण ताब्याची तपासणी एकाच ठिकाणाहून केली तर वाटेतल्या चोराला ती फसवता येते, म्हणून ती जगातल्या अनेक ठिकाणांहून करणे सप्टेंबर २०२५ पासून सर्व सर्टिफिकेट संस्थांना बंधनकारक झाले आहे. दारावर ‘परदेशी पाहुण्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावायची आणि परदेशातून तपासनीस येण्याची वाट पाहायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही. अशा साइटनी डीएनएसमध्ये नोंद ठेवून पुरावा देण्याची दुसरी पद्धत वापरावी. मग डीएनएसवर ताबा कोणाचा, हा प्रश्न पुढे येतो. त्याकडे वळतोच.

त्याआधी एक. ही अपयशे निदान शेवटी दिसतात, ब्राउझर ओरडतो. जिथे ओरडणारा कोणी नसतो तिथे काय होते ते इक्विफॅक्सने दाखवले. या अमेरिकी पतमाहिती कंपनीत आत-बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारे एक उपकरण होते. त्याचे सर्टिफिकेट संपून १९ महिने झाले होते, असे अमेरिकी संसदेच्या समितीच्या अहवालात आहे. उपकरण मुकाट्याने आंधळे झाले होते, बाकी कामकाज सुरळीत होते. जुलै २०१७ मध्ये सर्टिफिकेट बदलताच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली होती. आणि डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक सर्टिफिकेट संपले, तर ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या तीन कोटींहून अधिक ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट ठप्प झाले. छोट्यांचाच हा गलथानपणा आहे असे कोणी समजू नये.

५. राखीव दिवस आणि किनाऱ्याचे हवामान

इथे रायगडच्या किनाऱ्याचा संबंध येतो, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाब हीच आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात पोफळी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये याच जिल्ह्यात, पनवेलला, योट्टाच्या एनएम१ या अवाढव्य डेटा सेंटरचे उद्घाटन झाले. एकाच जिल्ह्याची ही दोन टोके. आपली साइट पनवेलच्या, मुंबईच्या किंवा सिंगापूरच्या सर्व्हरवर वादळाच्या दिवशीही मजेत चालू असते. अंधारात असतो तो साइटचा मालक.

इथे स्वयंचलनाच्या बाजूने मोठा गुण मांडलाच पाहिजे. जून २०२० मध्ये ज्यांचे नूतनीकरण हाताने व्हायचे होते त्यांना ते करता आले नसते. ज्यांचे आपोआप होत होते त्यांचे होऊन गेले असणार. प्रश्न उरतो तो त्यांचा, ज्यांचे यंत्र नेमके त्या दिवसांत अडले. अडल्यावर डोमेन कंपनीच्या खात्यात शिरायचे तर ओटीपी हवा, ओटीपी श्रीवर्धनच्या मोबाइलवर, आणि श्रीवर्धनला टॉवर नाही.

अशा वेळी वाचवतात ते राखीव दिवस. नव्वद दिवसांच्या सर्टिफिकेटला तीस दिवस राखीव मिळतात. साधारण तिसरा हिस्सा राखीव ठेवायचा हा संकेत धरला, तर ४५ दिवसांच्या सर्टिफिकेटला पंधराच उरतात, सहा दिवसांच्याला दोन. म्हणजे मुदत कमी करण्याचा निर्णय, जो सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे, तो चूक सुधारायला मिळणारा वेळही कमी करतो. निसर्गनंतर काही गावे जितके दिवस अंधारात होती त्यापेक्षा हा वेळ थोडा आहे. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते येऊन गेले. सीए-ब्राउझर फोरमच्या गणितात कोकणातला जून महिना नसणार, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येत नाही. ते गणित आपण करायचे. वादळाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने दुरुस्तीचा अधिकार किनाऱ्याबाहेरच्या, पुण्या-मुंबईच्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या, आणखी एका विश्वासू माणसाकडे आधीच देऊन ठेवला पाहिजे.

६. चावी कोणाच्या खिशात

किनाऱ्यावरच्या बहुतेक छोट्या वेबसाइटची कुळकथा सारखीच असते. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने किंवा ओळखीतल्या मुलाने ती करून दिली. डोमेन त्याने स्वतःच्या नावावर घेतले, कारण कार्ड त्याचे होते. ईमेल कॉलेजची दिली. मग त्याला नोकरी लागली, ती ईमेल बंद झाली. अलिबागचा पांढरा कांदा किंवा श्रीवर्धनची रोठा सुपारी विकणाऱ्या साइटवर फोन नंबर मालकाचा असतो, पण त्या साइटचा ताबा कागदोपत्री भलत्याचाच असतो.

जोवर सर्टिफिकेट हाताने रिन्यू होत होते तोवर हे वर्षातून एकदा उघडे पडत असे. ‘अरे, पासवर्ड दे रे’ असा एक फोन तरी व्हायचा. आता तो फोनही होत नाही. लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपत आल्याची ईमेल पाठवत असे. ४ जून २०२५ पासून तीही बंद झाली. बहुतेकांचे काम आपोआप होते, लाखो ईमेल पत्ते सांभाळण्याचा खर्च आणि धोका पत्करण्याचे कारण नाही, असे तिने सांगितले, आणि तिच्या बाजूने ते रास्तच आहे. पण त्यामुळे माणसाला जागे करणारी शेवटची घंटाही गेली.

बँकांच्या बाबतीत हाच प्रश्न दुसऱ्या तोंडाने येतो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जायला सांगितले. सहकारी बँकाही त्यात आल्या. निर्णय उत्तम आहे, बनावट बँक-साइटना त्याने चाप बसेल. मात्र जुने नाव वर्षानुवर्षे पासबुकांवर, पाट्यांवर, खातेदारांच्या बुकमार्कमध्ये राहणार. नव्या नावाच्या गडबडीत जुन्या नावाचे सर्टिफिकेट कोणाच्या यादीत राहिले आहे का? आणि ते डोमेनच सोडून दिले, तर उद्या ते विकत घेणाऱ्याला त्या नावाचे अगदी खरे सर्टिफिकेट आपोआप मिळेल. ताबा त्याचा, पुरावा त्याचा. यंत्राला नियत कळत नाही.

७. आक्षेप

पहिला आक्षेप : ‘होमस्टेच्या साइटवर आहे काय चोरण्यासारखे? इशारा आला तर लोक पुढे जा दाबतात.’ दाबतात, हेच तर दुखणे आहे. आज होमस्टेच्या साइटवर इशारा ओलांडायला शिकलेले बोट उद्या बँकेच्या साइटवरही तेच करते. हा तोटा होमस्टेवाल्याच्या खात्यावर लागत नाही, तो सगळ्या समाजाच्या खात्यावर लागतो. शिवाय ज्या साइटने एचएसटीएस ही फक्त सुरक्षित जोडणीची सक्ती लावलेली असते तिथे ब्राउझर ‘पुढे जा’चे बटणच देत नाही, तिथे मुदत संपणे म्हणजे दुकान बंद.

दुसरा : ‘हे होस्टिंग कंपनीचे काम, आपण पैसे देतो.’ सर्टिफिकेट आणण्याचे काम तिचे, मान्य. सीपॅनेलवरचे ऑटो-एसएसएल ते बऱ्यापैकी करते. पण डीएनएस तुम्ही दुसरीकडे हलवलात, डोमेन संपू दिलेत, तर कंपनी काय करणार? तिचा करार सर्व्हरपुरता असतो. हात वर करण्याचा तिला हक्क आहे, आणि ती ते करते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे : ‘देखरेखीसाठी पुन्हा एक यंत्रच लावणार, मग त्या यंत्रावर देखरेख कोणाची? ही साखळी संपणार कुठे?’ तर्काने ती संपत नाही हे खरे. व्यवहारात ती दोन अटींवर पुरेशी लांब होते. एक, पाहणारा बाहेर असावा. ज्या सर्व्हरचे नूतनीकरण त्याच सर्व्हरवर त्याची तपासणी ठेवली तर दोघे एकदमच बुडतात. दुसरी अट, शांततेलाच गजर मानावे. ‘बिघडले तर कळव’ असे सांगितलेले यंत्र स्वतःच बंद पडले तर गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्याला आपण खुशाली समजतो. उलट ‘ठीक असेल तर दर सोमवारी कळव’ असे सांगितले, तर सोमवारी संदेश आला नाही यातच बातमी असते. तो संदेश वाचणारा शेवटी माणूसच लागेल. त्याला आठवड्याला दोन मिनिटे लागतील. एवढ्या दोन मिनिटांनाही कोणी नाही असे म्हणणाऱ्याने वेबसाइट ठेवू नये, फेसबुक पेज चालवावे.

चौथा आक्षेप राष्ट्रीय वळणाचा असतो : ‘आपल्या साइटचा विश्वास अमेरिकी संस्थेवर का टांगायचा? भारताचे स्वतःचे सर्टिफिकेट नको का?’ भावना चुकीची नाही, पण इतिहास पाहावा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली आपल्याकडे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक आहेत. जुलै २०१४ मध्ये त्यांच्या छत्राखालच्या एनआयसीच्या प्राधिकरणाकडून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेट निघाल्याचे गूगलला आढळले. ती रद्द झाली, एनआयसीचे प्राधिकरण थांबले, आणि क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा भरवसा गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या सात डोमेनपुरता आखडून घेतला. कायद्याने दिलेला अधिकार आणि ब्राउझरने दिलेला विश्वास या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या घटनेने दाखवले. विश्वास परत मिळवायला वर्षे लागतात आणि तो शिस्तीनेच मिळतो. बंगळुरूच्या ईमुध्राने ब्राउझरांच्या यादीत जागा मिळवली आहे, म्हणजे ते अशक्यही नाही. दरम्यान एक्मे हे खुले मानक आहे. लेट्स एन्क्रिप्ट बंद पडली तर गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस, झीरोएसएसएल यांच्याकडून त्याच पद्धतीने सर्टिफिकेट घेता येते. दुसरा दाता आधीच नोंदवून ठेवणे, हे आजच्या घडीचे व्यावहारिक स्वावलंबन.

याच ओघात २०२० सालचा एक प्रसंग नोंदवतो. २९ फेब्रुवारीला लेट्स एन्क्रिप्टला आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली आणि तीस लाखांहून अधिक सर्टिफिकेट तातडीने रद्द करावी लागतील असे तिने जाहीर केले. ऑटो-रिन्यू लावून निवांत बसलेल्यांचा टायमर त्या दिवशी काय करत होता? तारीख पाहून झोपत होता, कारण मुदत संपायला अवकाश होता. त्याला तारखेपलीकडचे जग माहीतच नव्हते. त्यानंतर एआरआय हा एक्मेचा विस्तार आला; आता संस्थाच सर्व्हरला ‘लवकर बदलून घे’ असे कळवू शकते. तुमच्या सर्व्हरवरचा प्रोग्राम ते ऐकण्याइतका नवा आहे का, हे मात्र पाहावे लागते.

८. जुने आणि नवे बरोबर चालवण्याची रीत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. त्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये ते काम अलिबागला आणले गेले. ट्राम धावू लागल्या १९०७ मध्ये. धोका येण्याआधी जागा बदलली, ही एक शहाणीव. दुसरी त्याहून मोलाची : कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, आणि मगच जुने केंद्र थांबवले. म्हणून १८४१ पासूनची नोंदमालिका आजही एकसंध वापरता येते.

सर्व्हर हलवताना आपण नेमके उलटे करतो. रविवारी रात्री जुना बंद, नवा चालू, आणि नूतनीकरण नव्या जागी चालते का हे कळायला पुढचे साठ दिवस. ते आधी कळण्याची सोय आहे : सर्टबॉटला ‘ड्राय रन’ सांगितले की तो सगळी प्रक्रिया चाचणीच्या सर्व्हरवर करून दाखवतो, खऱ्या सर्टिफिकेटला हात न लावता. सर्व्हर, डीएनएस, फायरवॉल किंवा प्लगइन यांतले काहीही बदलले की त्याच दिवशी ही चाचणी घ्यावी. आणि मुदत संपल्यावर घाबरून पुन्हा पुन्हा ‘नवे दे’ दाबू नये. एकाच नावांच्या संचासाठी आठवड्याला पाचच सर्टिफिकेट मिळतात, फसलेल्या तपासण्यांनाही तासाला पाचची मर्यादा आहे. घाईत ती ओलांडली की हातातला उपायही जातो.

ज्यांना सर्व्हरमधले काहीच कळत नाही त्यांनाही एक गोष्ट करता येते. दिले गेलेले प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत जाते. २०१८ पासून क्रोमने तसा आग्रहच धरला आहे. सीआरटी डॉट एसएच या साइटवर आपल्या डोमेनचे नाव टाकले की शेवटचे सर्टिफिकेट कधी निघाले ते फुकट दिसते. लेट्स एन्क्रिप्टचे सर्टिफिकेट असेल आणि शेवटची नोंद सत्तर दिवसांपूर्वीची असेल, तर यंत्र अडले आहे असे समजा आणि फोन उचला.

राहिले करारांचे. नगरपरिषदा, ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था आणि बोट-बुकिंगवाले वेबसाइटच्या वार्षिक देखभालीचा करार करतात, त्यात ‘एसएसएल समाविष्ट’ एवढेच दोन शब्द असतात. त्यांच्या सचिवांना आणि मालकांना माझी विनंती आहे की पुढच्या करारात चार ओळी वाढवाव्यात : डोमेन संस्थेच्याच नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर असेल, डीएनएसच्या खात्यात किनाऱ्याबाहेरचा एक माणूसही असेल, सर्टिफिकेटची तारीख बाहेरून दर आठवड्याला तपासली जाईल, आणि ती कोण तपासेल, त्याचे नाव लिहिलेले असेल. १५ मार्च २०२७ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत १०० दिवसांची होणार आहे. तो करार त्याआधी व्हावा.